संक्रांतीचं बोलावणं

आमच्या क्लबातल्या हल्लीच्या मुली ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरमातल्या माझ्या घरी येतात तेव्हा त्यांची एकच तक्रार असते. "आजी, कुणी पुढेच येत नाही हो. मोबाइलवर सगळ्यांना मेसेज टाकला की कार्यक्रमाला माणसं हवीत, तर सगळ्यांनी नुसते अंगठे पाठवले. काम के टाइम पे एक भी आदमी नहीं!" मग लोक किती आळशी झालेत यावर बराच वेळ बोलणं होतं. मी ऐकून घेते आणि शेवटी माझा पारा चढतोच. वय झालं, गुडघे गेले, पण पारा अजून जागेवर आहे. लोक आळशी नसतात. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. भोपाळ राजधानी झाल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला माझ्या स्वतःच्या घरात पाहिलेलं आहे.

तेव्हा आम्ही दाल बाजारात राहत होतो. माडीवरचं भाड्याचं घर, खाली डाळीच्या व्यापाऱ्याचं दुकान. दिवसभर गाडे यायचे, पोती उतरायची, आणि कितीही झाडलं तरी संध्याकाळपर्यंत घरभर तुरीच्या फोलपटांचा थर बसायचा. घरात आम्ही चौघं, सासू-सासरे, हे आणि मी. सासूबाईंना मी आई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. मामंजी म्हणायची वेळ मात्र क्वचितच यायची. सुनेनं सासऱ्यांसमोर उभं राहून गप्पा मारायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि त्या काळात त्यांच्याशी तसं कुणीच फारसं बोलत नसे.

मामंजी ग्वाल्हेर संस्थानाच्या दरबारात बैठकीच्या व्यवस्थेवर होते. दसऱ्याचा दरबार असो की कुणा पाहुण्याची मेजवानी, कोणी कुठं बसायचं हे त्यांच्याकडे. कोण उजवीकडे, कोण डावीकडे, कुणाला गादी, कुणाला खुर्ची, कुणी नुसतं उभंच राहायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. ऐकायला हे काम हसण्यासारखं वाटतं, मलाही वाटायचं. पण एखाद्याला एक जागा खाली बसवलं तर दोन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाकडं यायचं, आणि मामंजींच्या हातून असं एकदाही झालं नाही, हे आई मोठ्या अभिमानानं सांगत. मग संस्थान विलीन झालं. बसवायलाच कुणी उरलं नाही, तेव्हा बसवणाऱ्यालाही घरी पाठवलं गेलं.

त्यानंतरही ते क्लबात जायचे. क्लब म्हणजे लष्कर या आमच्या ग्वाल्हेरच्या भागातल्या मराठी मंडळींचा. एक लांब दालन, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब. पण दरबार गेल्यावरच्या पहिल्याच समारंभात दारातला एक तरुण कार्यकर्ता त्यांना म्हणाला, "काका, आता सगळे सारखे. जिथं जागा मिळेल तिथं बसा." मुलगा वाईट नव्हता आणि तो बोलला त्यात खोटंही काही नव्हतं. मामंजींनी हसून मान डोलावली, एकवार अंगणभर नजर फिरवली आणि सरळ घरी निघून आले. ह्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून मामंजी सकाळी देवळात जाऊन येत आणि उरलेला दिवस सज्जात बसून खाली उतरणारी पोती बघत. विचारलं तर उत्तर देत, तेही नीट, सौम्यपणे. आपणहून मात्र एक शब्द नाही.

अशात राजधानी भोपाळला गेली. त्याआधी मध्य भारत हे राज्य असताना ती हिवाळ्यात आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदुराला असायची, त्यामुळे बोचकी बांधायची सवय सरकारी दफ्तरांना होतीच. पण ते जाणं परत येण्यासाठी असायचं. आता लष्करातल्या प्रत्येक मराठी घरात एकच शब्द ऐकू येऊ लागला, तबादला, म्हणजे बदली. आज याचा झाला, काल त्याचा झाला. ह्यांची नोकरी सरकारी, पौषात ह्यांचाही झाला. संक्रांत आटोपून आम्ही दोघांनी निघायचं ठरलं. मामंजींना विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही जा. मला इथले रस्ते ओळखीचे आहेत." आता ओळखीच्या रस्त्यांवर तरी ते कुठं जात होते, पण हे त्यांना कोण म्हणणार?

एका दुपारी स्वयंपाकघरात आम्ही दोघी तीळ निवडत बसलो होतो. आई एकदम हात थांबवून म्हणाल्या, "तू चाललीस. मग ह्या घरात माझ्याशी बोलणार कोण? खालची पोती?"

मी म्हटलं, "मामंजी आहेत की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. आई भारी बोलक्या. भाजीवालीशीसुद्धा त्यांचं तासभर चालायचं. इतकी वर्षं त्या गप्प माणसासमोर ताट ठेवत आल्या होत्या. मी घरात होते म्हणून ते निभावत होतं. "मला दुसरं काही नको गं," त्या म्हणाल्या. "जायच्या आधी एवढं कर. ह्यांना घराबाहेर काढ. चार माणसांत जाऊ देत, भांडू देत, रुसू देत. सांगण्यासारखं काहीतरी घेऊन घरी येतील. नाहीतर तुम्ही गेल्यावर मला वेड लागेल." आणि खाली मान घालून पुन्हा तीळ निवडू लागल्या. मी हो म्हटलं. कसं करणार, ते मला मुळीच ठाऊक नव्हतं.

क्लबही असाच रिकामा होत चालला होता. संक्रांतीचं संमेलन तोंडावर आलेलं आणि चिटणीस, उपचिटणीस, खजिनदार असे सगळे एकापाठोपाठ भोपाळला गेलेले. पुरुष संपले तेव्हा क्लबाला बायकांची आठवण झाली. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, थोडे विसराळू पण मायाळू. त्यांनी मला बोलावून सांगितलं की यंदाचं तू बघ. मी जाणारी आहे म्हटल्यावर म्हणाले, "बेटा, सगळेच जाणारे आहेत. जाता जाता कर." मला वाटलं, देवानं रस्ता दाखवला. संमेलन आपल्या हातात आलं म्हणजे मामंजींनाही कसंही करून त्यात ओढता येईल.

सुरुवात मी नव्या जमान्याला शोभेल अशी केली. ह्यांच्याकडून झकास सरकारी मसुदा करून घेतला. 'संमेलनासाठी स्वयंसेवक हवेत. इच्छुकांनी खाली नावे लिहावीत.' तो फळ्यावर लावला आणि शेजारी दोरीला बांधून पेन्सिल लटकवली. लोक येत, चष्मा लावून सावकाश वाचत, "वा, छान, छान" म्हणत आणि आत जाऊन कॅरम खेळत. एकानं अक्षराची तारीफ केली. नाव मात्र कुणी लिहिलं नाही. काही दिवसांनी पेन्सिलही गेली.

मी घरी येऊन आदळआपट केली. माझी मैत्रीण त्या दिवशी आलेली होती. ती कंपूतली, म्हणजे जुन्या फौजी छावणीच्या वस्तीतली, मुलींच्या शाळेत शिकवायची. तिचे वाडवडील दरबारच्या फौजेत, आमचे दरबारच्या कचेरीत, म्हणजे पूर्वी एका पंगतीला बसलो नसतो. तिनं माझी बडबड ऐकून घेतली आणि म्हणाली, "अगं, ऐसे थोडी कोई आता है!" आणि आई तर चक्क हसू लागल्या.

"आपणहून नाव लिहायचं?" त्या म्हणाल्या. "उद्या लोक म्हणतील, बघा, कुणी बोलावलं नव्हतं तरी गेले. अगं, दरबारच्या वेळी चोबदार दाराशी यायचा. हातात चांदीची काठी. खालूनच वर्दी द्यायचा, अमक्या दिवशी, अमक्या कामाला हुजुरांनी याद केलं आहे. अख्खी गल्ली ऐकायची. मग माणूस निघायचा. काम काय, तर कधी नुसतं पानाचं तबक धरून उभं राहायचं. पण बोलावलेलं असायचं ना."

"म्हणजे आता मी काठी घेऊन हिंडू का?"

"काठी कशाला? पाय आहेत ना तुला?"

मग आम्ही दोघी निघालो, मैत्रीण आणि मी. माझा पारा सांभाळायला ती बरोबर येते आहे, असं तिनं आधीच सांगून टाकलं होतं. पहिलं घर एका बाईंचं होतं, ज्यांचा काटेरी हलवा लष्करभर प्रसिद्ध होता. तिळावर साखरेचा पाक थेंबाथेंबानं चढवत, मंद शेगडीवर बोटांनी हलवत काटा आणायचा, ते येरागबाळ्याचं काम नव्हे. आम्ही विचारताच त्यांनी दोन्ही हात झाडले. "मला मेलीला काय येतंय! त्या कोपऱ्यावरच्या वकिलीणबाईंना सांगा. त्यांच्या हाताला काय काटा येतो!" आम्ही वकिलीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "छे गं, मी कसली! हलवा खावा तर त्यांच्या हातचा." आणि ज्यांच्याकडून आम्ही आलो त्यांचंच नाव घेतलं.

मी उठायला लागले. मैत्रिणीनं माझा पदर धरून मला खाली बसवलं आणि शांतपणे वकिलीणबाईंना म्हणाली, "पण त्या तर म्हणाल्या की तुमच्या हाताला जास्त काटा येतो." वकिलीणबाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "असं म्हणाल्या त्या? स्वतःहून?" मग चहा आला. चहाबरोबर चिवडा आला. निघताना त्या म्हणाल्या, "त्या येणार असतील तर मी मदतीला येईन बाई. मुख्य नाही हं, मदतीला." तिथून आम्ही पुन्हा पहिल्या घरी गेलो आणि तिथंही तेच झालं. दोघी मदतीला आल्या आणि मुख्य कुणीच नाही, पण हलवा असा झाला की आजही आठवण काढतात.

तेव्हा मला आमच्या लोकांची तऱ्हा कळली. स्वतःसाठी कुणी तोंड उघडणार नाही, शेजाऱ्यासाठी मात्र भरभरून बोलेल. नुसतं "मदत करा" म्हटलं की लोक गोंधळतात, आणि "हे तुम्हीच करायचं" म्हटलं की आधी नाही म्हणतात. ते नाही खरं नसतं. तो अंगात मुरलेला शिष्टाचार असतो, आणि तो पुरता होईपर्यंत समोरच्यानं बसून राहायचं असतं. मला बसून राहता येत नाही, हीच माझी अडचण. पण मैत्रीण होती. ती लोकांची दुपारची झोप झाली की जायची, गुडघ्यांची चौकशी करायची, सुनेची तारीफ करायची, आणि मग कामाचं बोलायची. एका गृहस्थांनी इतक्या वेळा नकार दिला की मी आशा सोडली, आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या घरची सतरंजी नोकराच्या डोक्यावर देऊन क्लबात हजर.

कंपूत एक म्हातारे रिसालदार होते. मुलांच्या शर्यती त्यांनी घ्याव्यात असं आम्हाला वाटत होतं. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि ऐकून घेऊन म्हणाले, "बाईसाहेब, तुमच्या क्लबात आम्ही दारापर्यंत आलेलो आहोत. साहेब लोक आत असायचे, आम्ही बाहेर घोडे सांभाळायचो. आत या, असं आज पहिल्यांदाच कुणी म्हणतंय." मग त्यांनी मिशीवर हात फिरवला. "बताइए, काय हुकूम?" त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही.

त्या घरांमधून हिंडताना मला फार वाईट वाटत असे. बाहेरून दिसायचं की ही माणसं कशात भाग घेत नाहीत, कुढत बसतात, जुन्या गोष्टी उगाळतात. आत गेल्यावर दिसायचं की कोट घडी करून ठेवलेला आहे, जोडे पुसलेले आहेत, आणि जायला ठिकाण नाही. दरबार गेला याचं दुःख काही जणांना असेल. पण बहुतेकांना दुःख होतं ते दाराशी येऊन कुणी याद करत नाही याचं. नव्या राज्यात सगळे सारखे झाले ही फार चांगली गोष्ट झाली, मी तर त्या वयात त्यासाठी भांडायची. फक्त सारखं झाल्यावर सगळ्यांना बोलवायचं कुणी, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

संक्रांत चार दिवसांवर आली. खालच्या डाळवाल्यानं शर्यतीसाठी रिकामी पोती द्यायचं कबूल केलं, गजकवाल्यानं तिळगुळाशेजारी आपली गजक, म्हणजे तिळाची खुसखुशीत वडी, ठेवायची परवानगी मागितली. आमच्या जिन्यावर दिवसभर वर्दळ. मी खूश होते. मामंजींचं काय, हा प्रश्न मनात टोचत होता, पण मी समजत होते की अध्यक्ष त्यांना बोलावतील. वडीलधाऱ्यांकडे आपण जातो, असं ते म्हणाले होते. अध्यक्ष समजत होते की सूनच चिटणीस आहे, त्या घरी कशाला जायला हवं? ह्यांना वाटत होतं, बाबा घरचेच, त्या दिवशी बरोबर घेऊन जाऊ. रिसालदारांपासून हलवेवाल्या बाईंपर्यंत सगळ्यांनी तेच धरलेलं. ज्याच्या घरचं कार्य असतं त्याच्या घरी आमंत्रण जात नाही, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. त्यामुळे लष्करातली झाडून सगळी मराठी घरं झाली आणि आमचंच घर राहिलं.

आई दुपारी घाईघाईनं माझ्याकडे आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्यांनी कोट बाहेर काढला होता."

"कुठला कोट?"

"दरबारचा. परवा काढला, उन्हात टाकला. स्वतः. मी बघून न बघितल्यासारखं केलं. काल मला विचारलं, सगळीकडे वर्दी गेली का? मी म्हटलं, गेली. आज कोट परत पेटीत गेला."

हे तिथंच होते. ते म्हणाले, "अगं त्यात काय एवढं! मी आत्ता जाऊन सांगतो, बाबा, चला म्हणून."

आई ह्यांच्यावर कधी चिडत नसत, त्या दिवशी चिडल्या. "चला म्हटलं की येतील. तुझ्यामागून येतील आणि एका कडेला बसतील. त्याला बोलावणं म्हणतात का?"

मी उठले. मागच्या जिन्यानं खाली गेले, हातपाय धुतले, डोक्यावरून पदर सारखा केला, आणि गल्लीला वळसा घालून पुढच्या दारानं पुन्हा वर आले. मैत्रिणीला आणायला वेळ नव्हता, एकटीच आले. आपल्याच घराची कडी वाजवली. आईंनी दार उघडलं आणि क्षणभरही न गोंधळता, जणू मला महिन्यांनी बघत होत्या, म्हणाल्या, "या, या. बऱ्याच दिवसांनी येणं केलंत. बसा ना." आणि मोठ्यानं सज्जाकडे, "अहो, क्लबातून कुणी आलंय तुमच्याकडे."

मामंजी आत आले. माझ्याकडे बघितलं, आईंकडे बघितलं. त्यांना काय ते कळलं होतं, न कळण्यासारखं काही नव्हतंच. मला वाटलं, आता हसतील, नाहीतर रागावतील. ते समोरच्या खुर्चीवर बसले, धोतराचा सोगा नीट केला आणि मला म्हणाले, "बसा. क्लबाचं सगळं क्षेम?"

लग्न होऊन इतके दिवस झाले होते, त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी खुर्चीच्या कडेवर बसले. म्हटलं, "क्लबातर्फे आले आहे. संक्रांतीला संमेलन आहे. लोकांना बसवण्याचं काम आपण पाहावं, अशी सगळ्यांची इच्छा आहे."

"सतरंजीवर बसायचं असेल ना आता?"

"हो. सगळ्यांना सतरंज्याच."

"मग त्यात पाहायचं काय? जिथं जागा मिळेल तिथं बसतील."

तेच शब्द. आवाजात कडवटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मला एरवी दहा उत्तरं सुचतात, तेव्हा मात्र जे खरं होतं तेच सांगितलं. "गेल्या काही वर्षांत तसंच बसतात. आणि दर वर्षी माणसं कमी होतात. का ते आम्हाला कळत नाही. आपण असता तर कळलं असतं."

खाली कुणीतरी पोतं टाकल्याचा आवाज आला. मग मामंजींनी विचारलं, "अंगणात दुपारचं ऊन कुठून येतं? कडुनिंब आहे अजून?"

"आहे."

"आदल्या दिवशी बघायला लागेल," ते म्हणाले.

आई झटकन आत गेल्या आणि आतून बराच वेळ भांड्यांचा उगीचच आवाज येत राहिला.

आदल्या दिवशी मामंजी क्लबात गेले. रिसालदार सोबत होते. दोघं म्हातारे सबंध दुपार अंगणात उभं राहून ऊन कसं सरकतं ते बघत होते. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना उन्हाची किंमत सांगायला नको. मग सतरंज्या कशा घालायच्या ते त्यांनी सांगितलं, आणि आमच्या दोन तरुणांनी कसलीही कुरकुर न करता त्या तशा घातल्या. रिसालदार समोर असताना कुरकुर कोण करणार?

संमेलनाला मामंजी दाराशी उभे होते. कोट तोच, डोक्यावर पगडी. प्रत्येकाला हात जोडून नमस्कार, आणि मग "आपण इकडे यावं." मला धास्ती होती की जुन्या मानापमानाचा खेळ पुन्हा सुरू होतो की काय. मी लक्ष ठेवून होते. मोठ्या हुद्द्यावरचे एक गृहस्थ चौथ्या ओळीत गेले आणि एक साधे निवृत्त कारकून पहिल्या. माझ्या लक्षात येईना. मग कळलं, कारकुनांना ऐकू कमी येत होतं. ज्यांचे गुडघे धरलेले, त्यांना भिंतीजवळ टेकायला जागा. म्हाताऱ्यांच्या पाठीवर ऊन येईल अशी. लेकुरवाळ्या बाजूच्या दाराशी, मूल रडलं तर उठता यावं म्हणून. ज्या बाईंचा नवरा त्या वर्षी गेला होता, त्यांना कुठल्याही जोडप्याशेजारी बसवलं नाही, हलवेवाल्या बाईंजवळ बसवलं, ज्या कुणालाच गप्प बसू देत नसत. फाळणीनंतर आमच्या गल्लीत आलेलं एक सिंधी कुटुंब बिचकत दारात उभं होतं. मामंजींनी त्यांना आमच्या मैत्रिणीच्या घरच्यांमध्ये नेऊन बसवलं, कारण त्यांची हिंदी सगळ्यात सफाईदार होती.

इतकी वर्षं ते सज्जात बसून पोती बघत होते, असं आम्ही समजत होतो. ते माणसंही बघत होते. कोण आता काठी टेकत जातो, कुणाच्या सुनेच्या कडेवर मूल आलं, कोण एकटं पडलं. गंमत म्हणजे त्या दिवशी घरी जाताना प्रत्येकाला वाटत होतं की मानाची जागा आपल्यालाच मिळाली. चौथ्या ओळीतले मोठे गृहस्थसुद्धा खूश होते. त्यांना पित्ताचा त्रास, ऊन सोसत नसे, आणि कडुनिंबाची सावली फक्त तिथंच येत होती.

शर्यती झाल्या, पोत्यात पाय घालून मुलं धडाधड पडली, रिसालदारांनी एका मुलाला रडल्याबद्दल दम भरला आणि मग स्वतःच गजक खायला दिली. सगळं काही सुरळीत झालं असं नाही. चहा संपला, गाणाऱ्या मुलीचा घसा बसला. पण तिळगूळ देताना मी मामंजींच्या पाया पडले तेव्हा ते म्हणाले, "स्त्रियांच्या बाजूला एक सतरंजी कमी पडली. पुढच्या वेळी लक्षात ठेवायला हवं." पुढच्या वेळी मी तिथं नसणार होते. ते मला ठाऊक होतं, त्यांनाही होतं. तरी मी "हो" म्हटलं.

निघायचा दिवस उजाडला. सकाळी आम्ही दोघांनी नमस्कार केला. मामंजींनी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला, मला "सांभाळून राहा" म्हटलं, आणि आम्ही सामान बांधण्यात गुंतलो. टांगा दाराशी आला, ट्रंका खाली गेल्या, आणि मामंजी कुठं दिसेनात. ह्यांनी सगळ्या घरात शोधलं. "आई, बाबा स्टेशनावर यायचे होते ना?"

"ते कंपूत गेलेत," आई म्हणाल्या. "माघातल्या गणेशजयंतीचा कार्यक्रम ठरतोय ना क्लबात. चार घरी बोलवायला जायचंय म्हणे."

"आज? आम्ही चाललोय आणि आज?" ह्यांचा चेहरा पडला. एकुलता एक मुलगा, वाईट वाटणारच.

"मीही तेच म्हटलं रे. म्हटलं, पोरं निघालीत, जरा थांबा. तर मलाच म्हणतात, लोक वाट बघत असतील, मला उशीर होतोय." एवढं सांगून त्यांना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पदरानं तोंड दाबून हसत होत्या. "मला उशीर होतोय, म्हणाले. आणि जिना उतरताना वरून ओरडून सांगितलं मी, जेवायला वेळेवर या, तर म्हणाले, सांगता येत नाही!"

दरबार गेल्यापासून त्या घरात कुणाला कशाचा उशीर झाला नव्हता. टांगा हलला तेव्हा ह्यांनी तोंड फिरवून घेतलं आणि मला म्हणाले, "रडू नकोस, वर्षभरात येऊच की परत." मी त्यांना काही सांगत बसले नाही. स्टेशन येईपर्यंत रडत होते, आणि इतक्या सुखानं मी आयुष्यात पुन्हा कधी रडले नाही.